दोन पावलं मागे



‘सेवा’ या विषयावर बोला, असा निरोप आला तेव्हा मी जरा बिचकलोच. आमच्या मंडळीत पेटी वाजवणं ही सेवा, उपासनेनंतर चहा वाटणं ही सेवा, आणि काही वडीलधाऱ्यांच्या मते प्रार्थना लांबवणं हीसुद्धा सेवाच. तेव्हा आज मी एवढंच विचारतो : दुसऱ्याला उभं करायचं तर आपल्याला काय सोडावं लागतं?

नव्या करारात बर्णबा नावाचा एक माणूस आहे. मूळचा कुप्र बेटावरचा, लेवी घराण्यातला. त्याने आपली जमीन विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी ठेवले, एवढं बहुतेकांना आठवतं. मला त्याचं पुढचं काम मोठं वाटतं. ख्रिस्ती लोकांना घरांतून ओढून तुरुंगात घालणारा शौल एक दिवस यरुशलेमात येतो आणि म्हणतो, मीही तुमच्यातलाच झालो. कोण विश्वास ठेवणार? सगळे घाबरले. बर्णबा त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला आणि त्याच्यासाठी स्वतःचा शब्द टाकला. पुढे अंत्युखियातलं काम वाढलं, तेव्हा तार्सपर्यंत जाऊन त्याच शौलाला त्याने शोधून आणलं.

आता ‘प्रेषितांची कृत्ये’ जरा बारकाईने वाचा. आधी नावं येतात ती बर्णबा आणि शौल अशी. तेराव्या अध्यायात शौलाचा पौल होतो आणि तिथून पुढे बहुतेक ठिकाणी पौल आधी, बर्णबा नंतर. ज्याला हाताला धरून आणलं, तोच पुढे निघून गेला. बर्णबाने त्याबद्दल कुरकुर केल्याची एक ओळ सापडत नाही. तो भांडला, अगदी कडाडून भांडला, पण भलत्याच कारणावरून. तरुण मार्क एकदा अर्ध्या वाटेवरून परत फिरला होता, म्हणून पौल त्याला पुन्हा सोबत घ्यायला तयार नव्हता. बर्णबा मार्कच्या बाजूने उभा राहिला आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पुढे तीमथ्य या सहकाऱ्याला लिहिताना पौलच सांगतो की मार्कला घेऊन ये, मला त्याचा उपयोग आहे.

ही वृत्ती आपल्या मातीत बघायची, तर अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला जायला हवं.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. १९६० साली लग्न झालं तेव्हाच दोघांनी मिळून शपथ घेतली की आयुष्य खेड्यातल्या वंचितांसाठी घालवायचं. आधी काही वर्षं वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काढली. तिथे एक गोष्ट त्यांना छळू लागली. बरं करून घरी पाठवलेली मुलं तोच आजार घेऊन परत येत होती. गढूळ पाणी, अपुरं अन्न, आणि वर जातीची उतरंड. दवाखान्याच्या खाटेवर यातलं काही बरं होणारं नव्हतं. मग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन १९७० साली ते दुष्काळी जामखेड तालुक्यात आले.

सुरुवातीला त्यांनी तेच केलं, जे कुणीही केलं असतं. शिकलेल्या परिचारिका गावोगाव नेमल्या. ते जमलं नाही. परक्या, तरुण मुलींना एकटीने खेड्यात राहणं अवघड होतं आणि गावालाही त्या आपल्या वाटेनात. तेव्हा प्रत्येक गावाने आपल्यातलीच एक बाई निवडावी, असं ठरलं. या बायका बहुतेक निरक्षर होत्या आणि त्यांतल्या कितीतरी दलित वस्तीतल्या होत्या. तोवर कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई, एवढीच त्यांची ओळख. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, एकत्र जेवत, रात्री तिथेच मुक्काम करत. वेगवेगळ्या जातींच्या बायका एका पंगतीला बसणं, हा त्यांचा पहिला धडा होता असं मी म्हणेन. मग मुलांची वजनं घेणं, जुलाब लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी पाजणं, बाळंतपण सुरक्षित करणं, क्षयाचा आणि कुष्ठरोगाचा रुग्ण वेळीच ओळखणं.

इथे थोडं थांबतो. डॉक्टरने आपलं ज्ञान निरक्षर बाईच्या हाती द्यायचं, म्हणजे त्याबरोबर आपला मानही थोडा द्यायचा. गावात रात्री-अपरात्री लोक आता तिचं दार ठोठावणार. देणगी देणं त्या मानाने फार सोपं. आपण ख्रिस्ती माणसं दान मोकळ्या हाताने देतो. खुर्ची मात्र देता देता जीव जातो. मंडळीच्या कमिटीची निवडणूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मी आणखी काय सांगू!

काम कसं झालं? प्रकल्पाच्या नोंदी सांगतात की १९७१ साली त्या गावांत जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९९३ पर्यंत हा आकडा १९ वर आला. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० साली पद्मभूषण. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो १९८८ सालचा प्रसंग. वॉशिंग्टनच्या एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत जामखेडच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं की डॉक्टर असे असतात, देखणे आणि महाग, गरिबाचा हात तिथे पोचत नाही. मग त्यांनी सोबत आणलेली साधी वातीची पणती पेटवली आणि तिच्यावरून दुसरी लावून दाखवली. आरोग्यसेविका ही अशी, त्या म्हणाल्या. सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं.

त्या झुंबरांत आरोळेही आले, हे ध्यानात घ्या. आपणच शिकवलेली बाई जगासमोर आपल्याविषयी असं बोलते आणि त्याचा आनंद वाटतो, हे सगळ्यांना जमत नाही.

काही जण मला विचारतात, मग आरोळ्यांनी धर्मप्रचार किती केला? मी उलट विचारतो, आजारी माणसाला बरं करताना येशूने त्याच्याकडून आधी काय लिहून घेतलं होतं? त्यावर संभाषण बहुधा संपतं.

मेबलबाई १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. काम पुढच्या पिढीने चालू ठेवलं. जामखेडला प्रशिक्षण केंद्र आहे. देशोदेशींचे डॉक्टर आणि विद्यार्थी तिथे शिकायला येतात आणि त्यांना शिकवणाऱ्यांत या खेड्यांतल्या आरोग्यसेविका असतात. पदवीधर मंडळी वही उघडून लिहून घेतात, आणि बाई मराठीत सांगत जातात.