विजेची मोटार आणि घरचा विद्युतभार



नॉर्वेत 2024 साली विकल्या गेलेल्या दर 10 नव्या मोटारींपैकी जवळजवळ 9 विजेवर चालणाऱ्या होत्या. तेथील बहुतेक मालक मोटार घरीच चार्ज करतात. वऱ्हाडातही हे अशक्य नाही. अमरावती-अकोला हे अंतर सुमारे 100 किलोमीटर. मध्यम आकाराच्या मोटारीस जाऊन-येऊन साधारणपणे 30 युनिट वीज लागते. 16 अँपिअरच्या प्लगवरून तासाला सुमारे 3 युनिट मिळतात; म्हणजे ही भरपाई 10 तासांत, एका रात्रीत होते.

मात्र इतका वेळ अखंड राहणारा भार जुन्या वायरिंगला पेलेलच असे नाही. तार तापते, प्लग वितळतो, प्रसंगी आग लागते. म्हणून स्वतंत्र वायर, योग्य क्षमतेचा एमसीबी, विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे साधन आणि चांगले अर्थिंग अत्यावश्यक आहे. उन्हाळ्यात जमिनीची ओल आटली की अर्थिंग दुबळे होते. त्यात वेळोवेळी पाणी घालावे. एक्स्टेन्शन बोर्डावर मोटार कदापि जोडू नये. मंजूर भार अपुरा असल्यास तो महावितरणकडे अर्ज करून वाढवून घ्यावा.

मोटार घेण्यापूर्वी घराचे वायरिंग परवानाधारक तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे, हा संदेश शिक्षक व पंचायत सदस्यांनी घरोघरी पोहोचवावा.