गुरुवर्य रमाकांत आचरेकर : शिक्षकाची नजर

(धामणगाव रेल्वे येथील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



पटनोंदणी, अध्ययन-निष्पत्ती आणि मूल्यमापन या विषयांवर आपण सकाळपासून ऐकत आहात. माझ्या वाट्यास आलेला विषय वेळापत्रकात बहुधा शेवटच्या तासाला असतो, आणि पुष्कळदा तेथूनही तो नाहीसा होतो. तो विषय म्हणजे खेळ. खेळांचे नियम आणि मैदानाची मापे पुस्तकात मिळतात. ती मी सांगत बसणार नाही. खेळ शिकविण्यात ज्यांनी सारे आयुष्य घालविले, अशा एका गुरूचे स्मरण आपल्यापुढे करावे, एवढाच माझा हेतू आहे. ते गुरू म्हणजे कै. रमाकांत विठ्ठल आचरेकर.

व्यायामाच्या बाबतीत आपला वऱ्हाड कोणाहून मागे नाही. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली, आणि १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने कबड्डीसारखे आपले देशी खेळ जगाला करून दाखविले. एवढा वारसा घरात असता मी मुंबईच्या एका क्रिकेट-शिक्षकाचे नाव का घेतो, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याची कारणे दोन. पहिले असे की, आचरेकर सरांजवळ स्वतःचे मैदान नव्हते आणि मोठ्या खेळाडूची कीर्तीही नव्हती. त्यांची साधनसामग्री आपल्या शाळांपेक्षा फार निराळी नव्हती. दुसरे कारण मी ओघाने सांगेन. ते आपल्या विदर्भाशी निगडित आहे.

सरांचा जन्म ३ डिसेंबर १९३२ रोजी मालवण येथे झाला. पुढे मुंबईत ते क्रिकेट खेळू लागले. स्टेट बँकेत त्यांनी नोकरी केली आणि बँकेच्या संघाकडून १९६३-६४ च्या हंगामात ते एक प्रथम श्रेणीचा सामना खेळले. तो त्या दर्जाचा त्यांचा एकमेव सामना होय. खेळाडू म्हणून त्यांचे चरित्र येथेच संपते. शिक्षक म्हणून ते दादरच्या शिवाजी पार्कवर सुरू होते. तेथे त्यांनी कामत मेमोरियल क्रिकेट क्लब उभा केला आणि शारदाश्रम विद्यामंदिराच्या मुलांना घडविले. बलविंदरसिंग संधू, लालचंद राजपूत, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, सचिन तेंडुलकर, अजित आगरकर हे त्यांचे शिष्य. शासनाने १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार दिला आणि २०१० साली पद्मश्री देऊन गौरविले. २ जानेवारी २०१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले, तेव्हा त्यांचे शिष्य पार्थिवास खांदा द्यावयास जमले होते.

हा झाला चरित्राचा सांगाडा. आपल्याला उपयोगी पडावयाचे आहे ते त्यांचे शिकविणे. त्यातील काही प्रसंग सचिनने स्वतः सांगितले असल्यामुळे सर्वश्रुत आहेत. पण शिक्षकाच्या दृष्टीने त्यांकडे पुन्हा एकदा पाहावे, असे मला वाटते.

१९८४ च्या उन्हाळ्यात अकरा वर्षांच्या सचिनला त्याचे वडीलबंधू अजित यांनी सरांकडे नेले. नवखे मैदान, नवखी माणसे आणि समोर उभे असलेले गुरुजी. मुलगा गांगरला आणि त्याला नीट खेळता येईना. सरांना वाटले, हा अजून लहान आहे, पुढे आणावा. अजित यांनी विनंती केली की, आपण पाहत आहात हे त्याला कळू न देता एकदा त्याचा खेळ पाहावा. सर निघून गेल्यासारखे करून दूर उभे राहिले. मुलाच्या मनावरचे दडपण गेले, आणि तो मोकळेपणाने खेळू लागला. त्याला प्रवेश मिळाला.

बंधूंनो, या प्रसंगात मोठेपणा कोणाचा? धाकट्याची योग्यता ओळखणाऱ्या भावाचा तर आहेच. परंतु आपले पहिले मत बाजूला ठेवून पुन्हा पाहावयास तयार झालेल्या गुरूचाही तो आहे. आपल्या वर्गात फळ्यापुढे उभे केल्यावर तोंड न उघडणारे मूल असते. दिवाळीच्या सुमारास कापसाच्या वेचणीला गेल्यामुळे पंधरा दिवस न आलेले मूल असते. पारधी बेड्यावरून प्रथमच शाळेत आलेले मूल असते. त्यांच्याविषयी पहिल्या आठवड्यात आपण जे मत बनवितो, ते वर्षअखेरपर्यंत टिकते. शिक्षक पाहत नाही असे वाटताच ते मूल काय करते, हे पाहण्याची जागा म्हणजे खेळाचे मैदान. वर्गात दहापर्यंत मोजताना अडखळणारी मुलगी लगोरीच्या ठिकऱ्या बिनचूक मोजते, हे ज्याने पाहिले त्याला तिचे गणित कोठून सुरू करावयाचे ते समजते.

दुसरी गोष्ट सरांच्या परिश्रमाची. सचिन पूर्वी ज्या शाळेत होता तेथे क्रिकेटची सोय नव्हती, म्हणून सरांनी त्याला शारदाश्रमात घालण्याचा सल्ला दिला. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला साठ दिवसांत पंचावन्न सराव-सामने खेळावे लागले. एका मैदानावर तो बाद झाला की सर त्याला आपल्या स्कूटरवर बसवीत आणि दुसऱ्या मैदानावर खेळावयास नेत. खेळाचा पोशाख एकच असल्याने सकाळचा खेळ आटोपून मुलगा घरी येई, कपडे धुऊन उन्हात वाळवी आणि दुपारी तेच घालून पुन्हा मैदानावर जाई. मुलाजवळ साधने किती तोकडी होती, हे यावरून दिसते. त्याला जे भरपूर मिळाले, तो होता त्याच्या गुरूचा वेळ.

तिसरी गोष्ट त्या प्रसिद्ध नाण्याची. सायंकाळी मुलगा दमला की सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो त्याला बाद करील त्याचे नाणे. कोणीच बाद करू शकला नाही तर नाणे फलंदाजाचे. कधी कधी मैदानावरील साऱ्या मुलांना ते क्षेत्ररक्षणास उभे करीत. चहूकडे मुलेच मुले असल्यावर चेंडू उंच मारण्याची सोय राहत नसे; तो जमिनीलगतच मारावा लागे. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. एका रुपयात सरांनी दमलेल्या मुलाचे चित्त एकाग्र केले, गोलंदाजांना ईर्षा दिली, आणि एरवी सावलीत बसून राहिली असती अशा मुलांनाही खेळात ओढले. साधन किती स्वस्त आणि योजना किती विचारपूर्वक, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

चौथी गोष्ट प्रशंसेची. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे स्टेडियमवर निरोपाचे भाषण करताना सचिनने सांगितले की, एकोणतीस वर्षांत सरांनी आपल्याला एकदाही शाबासकीचा शब्द दिला नाही. तो मिळाला तर शिष्य गाफील राहील असे त्यांना वाटे. सर प्रसन्न झाले की भेळपुरी किंवा पाणीपुरी खावयास नेत, आणि शिष्य त्यावरून समजून घेई. मात्र ही पद्धत आपण जशीच्या तशी उचलू नये. ज्या मुलाला घरीही कोणी बरे म्हणत नाही, त्याला शाळेत शब्दाची भूक असते. सरांपासून घ्यावयाचे ते एवढेच की, प्रत्येक फळीलेखनावर ‘छान, छान’ म्हणत गेल्याने त्या शब्दाचे मोल जाते. जे खरोखर साधले आहे, त्याचे नाव घेऊन शाबासकी द्यावी.

याच ओघात एक अवघड प्रसंग सांगणे प्राप्त आहे. सरांनी ठरवून दिलेला सराव-सामना चुकवून सचिन एकदा वानखेडेवर शाळेच्या वरिष्ठ संघाचा अंतिम सामना पाहावयास गेला. सरांनी विचारले तेव्हा, संघाला टाळ्या वाजवावयास आलो, असे त्याने उत्तर दिले. सरांनी त्याला थप्पड मारली. हातातील डबा दूर जाऊन पडला. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवीत बसू नकोस, लोकांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवाव्यात असा खेळ, असे ते त्याला बजावून सांगते झाले. हा प्रसंग सभासंमेलनांतून मोठ्या कौतुकाने सांगितला जातो, म्हणून येथे स्पष्ट बोलले पाहिजे. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या अधिनियमातील कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. कायद्याची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली तरी, सचिन घडला तो त्या एका थपडेने, असे मानणे म्हणजे हजारो तासांच्या शिकविण्याचा अपमान करणे होय. मूल आज कोठे असावयास हवे होते आणि का आले नाही, याची त्या गुरूला खबर होती. प्रसंगातील घेण्यासारखा भाग तो आहे. हात उगारणे नव्हे.

आता फेब्रुवारी १९८८ मधील एका सामन्याकडे वळू. हॅरिस शील्डच्या उपांत्य फेरीत सेंट झेवियर्सविरुद्ध शारदाश्रमकडून खेळताना सचिन आणि विनोद कांबळी या जोडीने नाबाद ६६४ धावांची भागी केली. सचिनच्या ३२६ आणि कांबळीच्या ३४९ धावा झाल्या. डाव सोडण्याची सरांची सूचना मुलांनी काही वेळ ऐकली न ऐकल्यासारखी केली. अखेर सरांनी हुकूम देऊन डाव सोडावयास लावला. कांबळीला साडेतीनशेसाठी एकच धाव हवी होती. सरांच्या हिशेबी सामना संघाचा होता आणि तो जिंकावयाचा होता.

या दोघांची नावे जगाला ठाऊक झाली. परंतु त्या दोन दिवसांत पुढच्या क्रमांकाचा एक मुलगा पायाला पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसला होता. त्याची पाळी आलीच नाही. त्याचे नाव अमोल मुझुमदार. पुढे त्याने रणजी पदार्पणातच २६० धावा केल्या आणि प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये अकरा हजारांवर धावा जमविल्या; तरीही भारतीय संघात त्याला स्थान मिळाले नाही. कोणी म्हणेल, सारे आयुष्य वाट पाहण्यात गेले. पण हाच अमोल मुझुमदार भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक झाला, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत त्याच्या हाताखालील मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला.

आरंभी सांगितलेले दुसरे कारण येथे येते. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकासाठी खेळत होता. साठ वर्षे त्याला तो मिळाला नव्हता. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूर येथे फैज फजलच्या नेतृत्वाखाली विदर्भाने दिल्लीचा पराभव करून तो प्रथम जिंकला, आणि पुढच्याच हंगामात, फेब्रुवारी २०१९ मध्ये, नागपुरात सौराष्ट्रास हरवून तो राखला. त्या दोन्ही वेळी संघाचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, म्हणजे आचरेकर सरांचे शिष्य. सरांचा दशक्रियाविधी होऊन महिनाही लोटला नव्हता, तोच त्यांच्या शिष्याने आपल्या भूमीत हे यश मिळवून दिले. शिक्षकाचे काम असे शिष्याच्या शिष्यांपर्यंत पोचते, आणि ते कोठे जाऊन उगवेल हे त्याला आधी समजत नाही.

तेव्हा आपण करावे काय? तळेगाव दशासर, मंगरूळ दस्तगीर, अंजनसिंगी या आपल्या परिसरातील पुष्कळ शाळांत शिक्षक दोन आणि वर्ग चार. पावसाळ्यात काळ्या मातीचे मैदान पायाला धरते, आणि होळीनंतर ऊन सकाळी नवालाच चटके देते. हे सारे ध्यानात ठेवूनच मी चार गोष्टी सुचवितो.

पहिली : खेळाचा तास दुसऱ्या विषयास देऊ नये. शिक्षणहक्क अधिनियमाच्या परिशिष्टात मैदान आणि खेळाचे साहित्य ही शाळेची आवश्यक अंगे म्हणून सांगितली आहेत. उन्हाळ्यात हा तास सकाळी पहिला घ्यावा. पावसाळ्यात व्हरांड्यात बसून खेळावयाचे खेळ घ्यावेत.

दुसरी : प्रत्येक मुलासाठी एका वहीत एक पान राखावे आणि खेळताना त्याच्याविषयी जे दिसले ते आठवड्यातून एका ओळीत लिहावे. ही वही तपासणीसाठी नाही. तिची मागणी कोणी करणार नाही. ती आपल्या स्वतःच्या नजरेला वळण लावण्यासाठी आहे.

तिसरी : पाळीची वाट पाहणाऱ्या मुलाला रिकामे बसवू नये. गुण मांडणे, वेळ पाहणे, पंचाचे काम करणे हेही शिक्षणच आहे. केंद्राच्या स्पर्धेसाठी संघ निवडताना राहून गेलेल्या मुलांची नावे आपल्याला तोंडपाठ असावीत.

चौथी : मुलींचा खेळ पाचवीनंतर थांबू देऊ नये. खो-खोत चपळ असलेली मुलगी पुढे मैदानाच्या कडेला ओढणी सावरीत उभी राहते, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. पालकांशी बोलण्याचे काम शिक्षिका भगिनींनी पुढाकार घेऊन करावे, आणि बंधूंनी त्यांना साथ द्यावी.

या चारही गोष्टींना अनुदान लागत नाही. आपला वेळ मात्र द्यावा लागतो.

सरांना मिळालेला पुरस्कार द्रोणाचार्यांच्या नावाचा होता. ते नाव ऐकले की आपल्या लोकांना अर्जुनाबरोबर एकलव्यही आठवतो, आणि मनाला थोडी टोचणी लागते. राजवाड्यातील शिष्याला शिकविणारा गुरू अरण्यातील मुलाकडे पाहू शकला नाही, ही त्या कथेतील व्यथा आहे. आपल्या शाळांत राजपुत्र नाहीत. शेतमजुराची, गुराख्याची, बेड्यावरची आणि पाड्यावरची मुले आपल्यापुढे बसतात. त्यांच्याकडे पाहणारा पहिला शिक्षक आपणच आहोत, आणि पुष्कळांच्या बाबतीत शेवटचाही.

३ डिसेंबर २०२४ रोजी, सरांच्या जन्मदिनी, शिवाजी पार्कवर त्यांच्या स्मारकाचे अनावरण सचिनच्या हस्ते झाले. आपणांपैकी कोणी मुंबईस गेल्यास ते अवश्य पाहावे. तोपर्यंत उद्या सकाळी शाळेत गेल्यावर मुले खेळत असताना दहा मिनिटे कडेला उभे राहून त्यांच्याकडे नीट पाहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद. जय महाराष्ट्र.