डबा माझा, पाकीट हिचं
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त भरलेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



सेक्रेटरी साहेबांनी मला विषय दिला आहे, ‘निवृत्तीनंतरचे सहजीवन’. घरी विषय सांगितल्यावर हिने विचारलं, “अहो, यावर तुम्ही बोलणार, की मी?” प्रश्न रास्त होता. म्हणून मी सहजीवन वगैरे मोठ्या गोष्टींवर बोलणार नाही. मी फक्त आमच्या गुरुवारांवर बोलणार आहे. तेवढी माहिती माझ्याकडे लेखी आहे.

गेली चार वर्षं दर गुरुवारी आम्ही दोघं घराबाहेर पडतो. सकाळी निघायचं, दिवेलागणीच्या आत परत यायचं. गुरुवारच का? तर शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावर येतात, गाड्या भरलेल्या असतात. सोमवारी दोघांचीही कामं असतात. गुरुवार मोकळा असतो. आजवर एकशे एकसष्ट गुरुवार झाले. लग्नं, आजारपणं आणि मोतीबिंदूची दोन ऑपरेशनं यात बाकीचे गेले.

आमचे नियम तीन. पहिला, एसटी, रेल्वे किंवा शेअर जीप यांनीच जायचं. दुसरा, ओळखीच्या कुणाच्या घरी जेवायला जायचं नाही, नाहीतर गुरुवारचा रविवार होतो. तिसरा नियम महत्त्वाचा. डबा मी करायचा आणि पाकीट हिने सांभाळायचं. तिकीट, हिशेब, फोनवरून पैसे देणं, कुठे जायचं, कधी परतायचं, सगळं ती ठरवणार. मी पोळ्या लाटणार आणि पिशवी उचलणार.

हा नियम का केला ते सांगतो. मी सदतीस वर्षं बँकेत काढली. त्यातली बरीच काउंटरवर गेली. काउंटरवर एक दृश्य मी इतक्या वेळा पाहिलं की त्याची मोजदाद नाही. पांढऱ्या कपाळाची एखादी बाई मुलाबरोबर किंवा दिराबरोबर येते. पिशवीतून जुनी पासबुकं काढते. आपलं खातं कुठलं आणि ह्यांचं कुठलं, हे तिला ठाऊक नसतं. विड्रॉल स्लिपवर सही कुठे करायची म्हणून ती दिराकडे बघते. दुःखाला पंधरा दिवस झालेले नसतात आणि परीक्षेला बसल्यासारखी ती उभी असते. या बाया अडाणी नसत. त्यातल्या दोन तर शिक्षिका होत्या. घरातल्या पैशाला त्यांचा हात कधी लागलाच नव्हता, एवढंच.

पुरुषांचं काउंटरवर दिसत नाही, पण ते वेगळं नसतं. माझे एक वरिष्ठ होते. मोठ्या शाखेचा कारभार चालवलेला माणूस. वहिनी गेल्यावर त्यांना गॅस कसा पेटवायचा हे शेजारच्या मुलीने दाखवलं. वर्षभर त्यांनी दुपारी दूध-पोहे खाल्ले.

तेव्हा मंडळी, दोघांपैकी एक जण आधी जाणार, हे आपल्या सगळ्यांच्या हिशेबात आहे. ते आपण बोलत नाही, एवढंच. कोण आधी, हे ठरवणं आपल्या हातात नाही. मागे राहणाऱ्याला काय काय येत असावं, हे मात्र आहे. पण घरात बसून “ये, तुला बँकेचं शिकवतो” म्हटलं तर कुणी शिकत नाही, आणि भांडण मात्र होतं. बाहेर पडलं की गरज आपोआप शिकवते. कंडक्टर समोर उभा राहिला की पाकीट उघडावंच लागतं.

सुरुवात एसटीपासून झाली. २०२२ सालापासून पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. २०२३च्या मार्चपासून महिलांना तिकीट अर्धं झालं. मी शहात्तर वर्षांचा, ही एकाहत्तरची. म्हणजे आम्हा दोघांचं मिळून अर्धं तिकीट. पहिल्यांदा कंडक्टरने ते दिलं तेव्हा ही म्हणाली, “दोघांचं मिळून अर्धंच माणूस उरलं की हो!” रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे. त्यामुळे गाडीने गेलो की आम्ही पूर्ण दोन माणसं असतो.

कुठे कुठे गेलो? पंचवीस-तीस किलोमीटरच्या आतच इतकं आहे की चार वर्षांत संपलेलं नाही. कोसबाडच्या टेकडीवर गेलो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार. अंगणवाडी हा शब्द आज देशभर चालतो, त्याचं मूळ या आपल्या भागात आहे. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी कुरणातच शाळा भरवली. अनुताई बालविधवा होत्या. तिथून उतरताना ही बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “एकटी राहिलेली बाई काय काय करू शकते बघा.” मी काही बोललो नाही. डब्यातली शेवटची पोळी तिला दिली.

गंजाडला गेलो. जिव्या सोमा मशे यांचं गाव. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. वारली चित्रकला मुळात लग्नघरातली, बायकांनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढायची. मशे यांनी ती रोजची केली, कागदावर आणली आणि जगभर पोचवली. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला जातो, पण चैत्रातल्या यात्रेची गर्दी ओसरल्यावर. पॅसेंजरने घोलवड, बोर्डी रोड, उंबरगाव अशी स्टेशनं घेत संजाणला उतरलो आणि पारशी लोकांचा स्तंभ पाहिला. संजाण पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षं आपल्याकडच्या बाहरोटच्या डोंगरातल्या गुहेत जपला. तो आज उदवाड्याला आहे. बाहरोटला आम्ही पायथ्यापर्यंतच गेलो. वर बघितलं, एकमेकांच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि झाडाखाली बसून डबा खाल्ला. तोही गुरुवार वहीत आहे.

तलासरी तालुका मी पूर्वी कर्जवसुलीच्या निमित्ताने पाहिला होता. हिच्याबरोबर पाहिला तो वेगळा. २३ मे १९४५ रोजी याच तालुक्यात झरी गावी वारल्यांची मोठी सभा झाली. वेठ आणि लग्नगडी या पद्धती मोडण्याचा निर्धार तिथे झाला. लग्नगडी म्हणजे काय ते मी हिला सांगितलं. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे कर्जाऊ घ्यायचे आणि त्या बदल्यात नवराबायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं, कधीकधी जन्मभर. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ते सगळं लिहिलं आहे. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ही म्हणाली, “म्हणजे लग्न करणं हाच गुन्हा झाला त्यांचा.” कर्जाचे हजारो कागद मी हाताळले, पण दोन माणसांचा संसारच तारण ठेवून घेतलेला व्यवहार बँकेच्या कुठल्याच पुस्तकात बसत नाही. आपण दोघं मोकळेपणाने एसटीत बसतो, ही साधी गोष्ट नाही, हे त्या दिवशी दोघांनाही कळलं.

आता उधव्याचा गुरुवार सांगतो. खरं तर तेवढ्यासाठीच मी उभा आहे.

दोन वर्षांपूर्वीची जूनची अखेर होती. हिने ठरवलं, उधव्याला जायचं. तलासरीहून पूर्वेकडे, दादरा-नगर हवेलीच्या हद्दीजवळचं गाव. मला त्या हद्दीचं कुतूहल होतं. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झालं. सुधीर फडके त्या लढ्यात होते. पोर्तुगीजांचा कॅप्टन फिदाल्गो खानवेलच्या बाजूला हटला आणि ११ ऑगस्टला शरण आला. हे सगळं पलीकडच्याच डोंगरात घडलं. हिला मात्र फक्त शेवळं पाहिजे होती. पहिल्या पावसाची रानभाजी ती. डहाणूच्या बाजारातही मिळते, पण हिचं म्हणणं, उगवते तिथूनच आणायची.

डहाणूहून एसटीने तलासरी, तिथून शेअर जीप. तलासरीला साडेअकराला डबा खाल्ला. उधव्याला नाक्यावर दोन बाया शेवळं घेऊन बसल्या होत्या. हिने शेवळांबरोबर काकडंही मागून घेतली, कारण काकडांशिवाय शेवळं घशाला खाजतात. बायकांशी गप्पा झाल्या. २०१८च्या नोव्हेंबरपासून या डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के बसत होते ते आपल्याला आठवतच असतील. त्या दिवसांत आपण पोरांना घेऊन थंडीत बाहेर झोपत होतो, असं त्यातली एक सांगत होती.

तेवढ्यात पाऊस सुरू झाला. तो काही साधा नव्हता. परतीची जीप निघाली आणि थोड्या अंतरावर थांबली. पुढे फरशीच्या पुलावरून गढूळ पाणी जात होतं. जीप परत नाक्यावर आली. चहाच्या टपरीत बसलो. चार वाजले. मला मधुमेह आहे, सकाळची गोळी घेतलेली होती आणि पोटात काही नव्हतं. आधी हात थरथरायला लागले, मग घाम आला. समोरचा माणूस काय बोलतो ते ऐकू येत होतं, पण कळत नव्हतं.

पुढचं मला हिच्याकडून कळलं. तिने टपरीवाल्याकडून साखर घेतली, पाण्यात ढवळून मला प्यायला लावली, पंधरा मिनिटांनी बिस्किटं दिली. फोन काढून डहाणूच्या डॉक्टरांना लावला आणि माझ्या गोळीचं नाव आणि वेळ बरोबर सांगितली. तेवढ्यात जीपवाला म्हणाला, “पाणी गुडघ्याएवढंच आहे आजी, काढतो गाडी.” चार जण चढून बसले. हिने सांगितलं, “पाणी उतरल्याशिवाय आम्ही बसणार नाही. तुम्हीही नेऊ नका या लोकांना.” आवाज चढवला नाही. मुलांना शाळेला पाठवताना बोलायची तसंच बोलली. ते चार जण खाली उतरले. जीपवालाही चहा प्यायला बसला.

सातच्या सुमाराला पाणी उतरलं. घरी पोचायला साडेनऊ वाजले. दिवेलागणीचा नियम मोडण्याची ती एकच वेळ. रात्री तिने वही काढली आणि लिहिलं: “उधवा. शेवळं-काकडं साठ रुपये. चहा, बिस्किटं चाळीस, फोनवरून दिले. साखरेचे पैसे टपरीवाल्याने घेतले नाहीत.” बाकी काही नाही. मी ते वाचलं आणि मला शांत झोप लागली. मला काय झालं तर हिचं कसं होईल, हा प्रश्न अनेक वर्षं रात्री माझ्या उशाशी असायचा. त्या रात्री तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी शेवळांची भाजी मी केली. हिने शेजारी उभं राहून सांगितलं, हात लावला नाही. भाजी बरी झाली. घसा खाजला नाही.

मित्रहो, आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. आपण इथे राहायला आलो तेव्हा जिन्यावरून पोरं धावत असायची. आता लिफ्टची दुरुस्ती हा जनरल बॉडीतला सर्वांत मोठा विषय असतो. गेल्या वर्षभरात आपल्यातल्या दोन घरांत दोनाचं एक झालं. म्हणून बँकवाला या नात्याने दोन-तीन गोष्टी सांगतो आणि थांबतो.

दोघांच्या नावावर खातं असेल तर ते ‘दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो’ या पद्धतीचं आहे का, ते पासबुकावर बघून घ्या. बँकेत, पोस्टात आणि आपल्या सोसायटीतही नामनिर्देशन भरलेलं आहे का ते तपासा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने स्वीकारणारा असतो. म्हणून घराबद्दलची इच्छा मृत्युपत्रात वेगळी लिहून ठेवा. सगळ्या खात्यांची, विम्याची, औषधांची यादी एका कागदावर करा आणि तो कागद दोघांनाही सापडेल अशा जागी ठेवा. ही कामं एका दुपारची आहेत.

कागदाने होत नाही ते बाहेर पडल्याने होतं. महिन्यातून एक दिवस तरी दोघं निघा आणि कामांची अदलाबदल करा. ज्याला जे येत नाही ते त्याने करायचं. पहिल्या दिवशी पोळी करपेल, पैसे जास्त दिले जातील. चालतं.

आणि जे आता एकटे आहेत त्यांच्यासाठी आम्ही दोघांनी ठरवलं आहे की महिन्याचा पहिला गुरुवार सर्वांचा. ज्यांना यायचं त्यांनी बुधवारी संध्याकाळपर्यंत हिच्याकडे नाव द्यावं. माझ्याकडे देऊ नये, मला अधिकार नाहीत. डब्याला काय हवं ते मात्र मला सांगा. पुढचा बेत कोसबाडचा आहे. गेटवरून सकाळी आठला निघू.