७१८ गुण कुठून आले?

सुरुवात एका हिशेबाने करतो. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट'ला १८० प्रश्न सोडवायचे, गुण ७२०. बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा. एकच प्रश्न सोडला तर ७१६, एकच चुकला तर ७१५. मग २०२४ च्या निकालात ७१८ आणि ७१९ कुठून आले?

तो निकाल १४ जूनला अपेक्षित होता. लागला ४ जूनला, नेमका लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी! पैकीच्या पैकी गुण मिळवणारे ६७, त्यातले काही हरियाणातल्या झज्जरच्या एकाच केंद्रावरचे. एवढं सरपण पडलेलं असल्यावर 'सेटिंग' हा शब्द घरोघरी पोचायला कितीसा वेळ लागणार?

गंमत अशी, की अफवेतलं गणित बिनचूक होतं. काही केंद्रांवर वेळ वाया गेला म्हणून १,५६३ मुलांना वाढीव गुण दिले होते, त्यातून ते अशक्य आकडे निघाले. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं ग्राह्य धरल्याने ४४ जण ७२० वर पोचले होते. पण वाढीव गुणांचा खुलासा आला तो ओरड झाल्यावर. आधी सांगितलं असतं तर ज्याला हिशेब म्हणाले असते, त्याला नंतर सांगितल्यावर सारवासारव म्हणाले. पुढे वाढीव गुण रद्द झाले, त्या मुलांसाठी फेरपरीक्षा झाली, त्या प्रश्नाचं एकच उत्तर बरोबर ठरलं, आणि ६७ चे १७ उरले.

म्हणून सगळीच कुजबुज खोटी होती का? मुळीच नाही. हजारीबाग आणि पाटण्यात पेपर फुटला होता, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलैला स्पष्ट म्हटलं. सबंध परीक्षाच नासली, असा पुरावा मात्र न्यायालयाला दिसला नाही, म्हणून ती रद्द झाली नाही. त्याआधी न्यायालयाने मुलांची नावं झाकून केंद्रवार गुण जाहीर करायला लावले होते. मला तो आदेश निकालाइतकाच मोलाचा वाटतो. ज्याला शंका, त्याने आकडे उघडून बसावं.

पण आकडे सगळ्यांना पुरत नाहीत. त्या वर्षी गुणांचा असा पूर आला, की आदल्या वर्षी सरकारी जागा मिळवून देणारे गुण हातात असूनही मुलं क्रमांकात हजारोंनी खाली गेली. आमच्या शेजारच्या मुलीचं तेच झालं. दोन वर्षं सण नाही, लग्नकार्य नाही, नुसता अभ्यास. पोरगी कमी पडली असं कोणती आई म्हणेल? त्यापेक्षा कुणीतरी जागा खाल्ली, हे म्हणणं सोपं, आणि पोरीवर मायेचंही.

त्या वहिनींनी मला जिन्यात गाठलं. "भाऊजी, पेपर फुटला नसता तर हिला मिळाली असती ना?" त्या दोन शहरांतले सुमारे १५५ विद्यार्थी पेपरफुटीचे लाभार्थी दिसतात, हा न्यायालयापुढे आलेला आकडा मला पाठ होता. परीक्षेला तेवीस लाखांवर मुलं बसली होती, हेही ठाऊक होतं. मागे मुलगी दप्तर घेऊन उभी होती.

मी म्हणालो, "हो वहिनी, मिळाली असती."