दुकानाची इमारत : शहराचा सामाईक ठेवा



वारसा म्हटले की लेणी, किल्ले आणि प्राचीन मंदिरे डोळ्यांपुढे उभी राहतात. ज्या पेढीवर पिढ्यान्‌पिढ्या चोपड्या लिहिल्या गेल्या, त्या पेढीची वास्तूही वारसा ठरू शकते, हा विचार व्यापारी समाजाच्या मनात सहसा येत नाही. मुंबईच्या फोर्ट विभागातील दादाभाई नौरोजी मार्ग या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

या मार्गाचे जुने नाव हॉर्नबी रोड. १७७१ ते १७८४ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या विल्यम हॉर्नबी यांच्यावरून ते पडले. १८६० च्या दशकात सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली आणि कोंडलेल्या शहराला मोकळी जागा मिळाली. पुढील काही दशकांत या मार्गावर दुकाने व कचेऱ्यांच्या भव्य इमारती उभ्या राहिल्या. एकीची शैली गॉथिक, दुसरीची अभिजात युरोपीय, तर तिसरीत भारतीय घुमट आणि कमानी. मालक निरनिराळे, शिल्पी निरनिराळे, तरीही रस्ता एकसंध दिसतो.

या एकसंधतेचे कारण १८९६ च्या एका सरकारी नियमात आहे. या मार्गावर इमारत बांधणाऱ्याने तळमजल्याच्या दर्शनी भागात पादचाऱ्यांसाठी कमानींचा मार्ग ठेवावा, असे बंधन त्या नियमाने घातले. वरचे मजले रस्त्याच्या कडेपर्यंत आले आणि त्यांच्या खालची जागा चालणाऱ्यांना मिळाली. मुंबईचा आषाढ आणि वैशाख ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना या तरतुदीचे मोल वेगळे सांगावयास नको. दुकानात पाऊल न टाकणाऱ्यालाही दुकानाने आसरा दिला. या इमारतींचे खरे वारसामूल्य नक्षीकामाइतकेच या औदार्यात सामावलेले आहे.

दुसरे मूल्य स्मृतीचे. याच मार्गावर व्हाइटअवे लेडलॉ या कंपनीचे विलायती मालाचे मोठे दुकान होते. पुढे त्याच वास्तूत खादी भांडार आले. परदेशी कापडापासून खादीपर्यंतचा देशाचा प्रवास एकाच छपराखाली घडला. माल बदलला, मालक बदलले, परंतु वास्तू टिकली म्हणूनच ही कथा आज दाखविता येते.

वास्तू टिकली नाही तर काय होते, याचे उदाहरण जवळच काळा घोडा परिसरात आहे. कापडाचे व्यापारी जॉन वॉटसन यांनी १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये घडविलेला बिडाचा सांगाडा आणून तेथे इमारत उभारली. तिच्यात पुढे प्रसिद्ध वॉटसन हॉटेल चालले. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलत्‌चित्रांचा भारतातील पहिला खेळ याच वास्तूत झाला. नंतर तिचे लहान लहान गाळे पडले, दुरुस्ती रखडली, २००५ मध्ये एक भाग कोसळून जीवितहानी झाली आणि २०१९ मध्ये धोकादायक ठरल्याने ती रिकामी करावी लागली.

यात दोष एकट्या कोणाचा म्हणावा? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधली गेली. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली, परंतु मूळ आकडाच इतका लहान की त्यातून छपराची कौलेही बदलत नाहीत. मालक म्हणतो, भाड्यात भागत नाही. पागडी देऊन बसलेला भाडेकरू म्हणतो, इमारत माझी नाही. दोघांच्या मध्ये भिंत ओलावत राहते.

१९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. देशातील हा असा पहिलाच प्रयत्न होता. परंतु नियमाने पाडकाम थांबते, देखभाल होत नाही. म्हणून दादाभाई नौरोजी मार्गावर पुढे जे घडले ते महत्त्वाचे. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी या मार्गासाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. कमानी झाकणारे अवाढव्य फलक काढून ते कमानीच्या आत, खांब मोकळे ठेवून बसवावेत, असा आग्रह त्यांत होता. अनेक दुकानदारांनी ते मान्य केले आणि स्थानिकांची ‘हेरिटेज माइल असोसिएशन’ ही संस्थाही स्थापन झाली. फलक लहान झाला म्हणून दुकानाची पत लहान होत नाही, हे त्यांनी कृतीने दाखविले.

जुन्या बाजारपेठेत ज्यांची पेढी आहे, त्यांना एवढे सहज करता येईल. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नये. ओल आत कोंडते आणि दगड-वीट झिजते. घडीव दगडावर तैलरंग चढवू नये. पोटमाळा घालताना किंवा भिंत काढताना जाणकार अभियंत्याचा सल्ला घ्यावा. वातानुकूलन यंत्राचे पाणी भिंतीवर मुरू देऊ नये. पावसाळ्यापूर्वी गच्ची आणि पन्हळी तपासाव्यात. आणि मालक व भाडेकरू यांनी वर्षातून एकदा एकत्र बसून दुरुस्तीचा वाटा ठरवावा. यांतील शेवटचे काम सर्वांत अवघड, परंतु त्याविना बाकीची कामे अपुरीच राहतील.

पूर्वजांनी चोपड्या जपल्या, कारण त्यांत व्यवहाराची साक्ष होती. दुकानाची वास्तू ही त्याच व्यवहाराची दगडात लिहिलेली चोपडी आहे. तिची पाने जीर्ण होण्यापूर्वीच सांभाळली जावीत, एवढीच अपेक्षा.