पुन्हा सांगितलेली गोष्ट आणि तिचा हिशेब



आम्ही कामगार संघटनेतली माणसे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा गेल्या शतकाच्याही मागच्या शतकातील कादंबरीकर्त्या स्त्रियांवर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कुणी विचारील तर ते रास्तच आहे. परंतु काम कुणी केले आणि नाव कुणाचे लागले, एवढे आम्हांला कळते. आजच्या विषयाकडे आम्ही त्याच नजरेने पाहणार आहोत.

'आनंदी गोपाळ' हे नाव आपणां सर्वांना ठाऊक आहे. श्री. ज. जोशी यांची ही कादंबरी १९६८ सालची. तिच्यावरून नाटक झाले. २०१९ साली समीर विद्वांस यांनी त्याच नावाचा चित्रपट काढला. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि १८८७ साली, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, गेल्या. पण त्यांची पत्रे जमवून त्यांचे मराठी चरित्र लिहिले कुणी? काशीबाई कानिटकरांनी. चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या शंभरांतल्या कितीजणांना हे नाव आठवेल?

काशीबाई (१८६१–१९४८) शाळेत गेल्या नाहीत. लग्नानंतर, घरच्यांची बोलणी सोशीत, त्या वाचायला शिकल्या. 'रंगराव' ही त्यांची कादंबरी १९०३ साली पुस्तकरूपाने निघाली. १९२८ च्या 'पालखीचा गोंडा'मध्ये तर त्यांनी बायकांच्या हाती एका संस्थानाचा कारभार देऊन पाहिला. अशा बाईने जे चरित्र लिहिले त्याच्या शीर्षकात एकट्या आनंदीबाई आहेत. कादंबरीच्या शीर्षकात गोपाळराव शेजारी येऊन बसले. हे वाईट झाले, असे आमचे म्हणणे नाही. बायकोने शिकावे म्हणून तिला मारणारा नवरा समजून घेणे हे मोठेच काम होते. मात्र पुढची भिंत चढली म्हणजे पायाचा दगड ज्याने बसवला त्याची मजुरी बुडत नाही!

इंग्रजीतही हे चालते. शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर'मध्ये (१८४७) माळ्यावर कोंडलेली एक वेडी बायको आहे; तिला स्वतःची बाजू मांडता येत नाही. वेस्ट इंडीजमध्ये जन्मलेल्या जीन ऱ्हीस या लेखिकेने १९६६ साली तिचीच कादंबरी लिहिली. पहिल्या गोष्टीत ज्याला तोंड नव्हते त्याला तोंड दिले. पुन्हा सांगण्याचे सार्थक यातच आहे.

एलिझाबेथ गॅस्केलबाईंची 'नॉर्थ अँड साउथ' ही कादंबरी आमच्या धंद्याची. १८५४-५५ सालची, कापडगिरणीतल्या संपाची. छातीत कापसाची पूड जाऊन मरणारी बेसी तिच्यात आहे. कादंबरीत ती पूड बेसीच्या तोंडून ऐकू येते, बी.बी.सी.ने २००४ साली केलेल्या मालिकेत ती साऱ्या खात्यात हिमासारखी उडताना दिसते. युनियनमध्ये न येणाऱ्यावर कामगारच कसा बहिष्कार घालतात, हेही बाईंनी लिहिले आहे. ते आम्हांला झोंबते; पण खोटे म्हणवत नाही. आपल्या बाजूचा दोष दाखवणारे पान गाळून गोष्ट पुन्हा सांगणे, ही आमच्या मते चोरीच होय.

आता आपल्या मंचरकडे पाहू. कांदा-बटाट्याचे एवढे मोठे मार्केट आपले. पण कांदा निवडणाऱ्या बाईची कादंबरी कुठे आहे? एकोणिसाव्या शतकात लिहिणाऱ्या बहुतेक बायका पांढरपेशा घरातल्या होत्या. त्यांना लेखणी मिळवायलाच निम्मे आयुष्य लागले. शेतमजुरीण त्यांच्या पानांत क्वचितच आली, यात नवल नाही. जे त्यांच्याने झाले नाही ते करण्याची पाळी आज आपली आहे. जुनीच गोष्ट नव्या लुगड्यात उभी करायची असेल तर खुशाल करावी. पण या वेळी माळ्यावर, खात्यात आणि बांधावर कोण गप्प बसले आहे ते आधी पाहावे.

आमचे मागणे थोडेच आहे. गावच्या वाचनालयात 'आनंदी गोपाळ'शेजारी काशीबाईंची पुस्तके असावीत. तरुण मुलींनी दोन्ही वाचावीत, आणि मग तिसरे आपले लिहावे. ते लिहिताना आधीच्या दोघांची नावे पहिल्या पानावर घालावीत. ज्याची मजुरी त्याला, हा नियम गिरणीत खरा, तसाच ग्रंथातही खरा.