वृक्षशिखरांवरील वानरांचे छायाचित्रण

केरळातील सायलेंट व्हॅलीला १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तेथील सिंहपुच्छ वानरांचे बहुतेक आयुष्य उंच वृक्षांच्या शेंड्यांवरच जाते. अंग काळे आणि मागे उजळ आकाश. त्यामुळे जमिनीवरून घेतलेल्या छायाचित्रात केवळ काळी आकृती उमटते. समोरच्या डोंगरउतारावर, शेंड्यांच्या पातळीस बसून कळपाची वाट पाहणे, हाच छायाचित्रकाराचा खरा मार्ग होय. खाद्य दाखवून वानरांना खाली आणणे सोपे; परंतु त्या सवयीने ते रस्त्यावर येतात व वाहनांखाली सापडतात. तमिळनाडूतील वालपराई येथे रस्ता वरूनच ओलांडता यावा म्हणून त्यांच्यासाठी झाडांना पूल बांधावे लागले. अरण्यालगतच्या गावांनी व शाळांनी पाहुण्यांना हे अवश्य सांगावे. छायाचित्र हुकले तरी चालेल, वानर शेंड्यावरच राहिला पाहिजे.